शून्याचा आवाज

पडद्यावर तीन शब्द उमटले, ‘दार हळू लावा’, आणि ध्वनिवर्धकातून एक मावशी बोलली.

मावशीच म्हणायला हवे. आवाजात लाडीगोडी होती, थोडे हसू होते, आणि बोलणारीच्या हातात लाडवांची परात असावी असे ऐकणाऱ्याला उगाचच वाटत होते. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत मावशी नावाला नव्हती. समोरच्या खुर्चीत डोक्यावर तारांची टोपी घालून भागवत अहिरे नावाचा धिप्पाड वेल्डर बसला होता आणि त्याचे तोंड घट्ट मिटलेले होते. तो फक्त वाचत होता, तेही मनातल्या मनात.

“आता वळण बदलतो,” डॉ. झाकीर तांबोळी म्हणाले.

शब्द तेच राहिले. लग्नपत्रिकेतली लफ्फेदार अक्षरे जाऊन त्यांच्या जागी सरकारी नोटिशीतली दाटीवाटीची अक्षरे आली, एवढेच. लगेच ध्वनिवर्धकातून एक गृहस्थ बोलला. त्याच्या गालात पान होते, मान खाली होती आणि समोर कोण उभे आहे याची त्याला काडीचीही फिकीर नव्हती. ‘दार हळू लावा.’

शर्वरी कासार उठली ती खुर्ची उलथवूनच. तिने ते दोन्ही आवाज पुन्हा लावायला सांगितले, मग पुन्हा, मग आणखी एकदा. शेवटी भागवतने टोपीखालून विचारले की हे दार नेमके आहे कुठे, तो एकदाचे लावून येतो.

शर्वरीचा आनंद समजण्यासारखा होता. देवनागरी अक्षरांची वळणे घडवणे हा तिचा धंदा. कुणी त्यांना फॉन्ट म्हणते, पण तिला आपला जुना ‘वळण’ हा शब्द बरा वाटे. वीस वर्षे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली होती की अक्षराला स्वभाव असतो. शिरोरेघ जाड केली की बोलणाऱ्याचा आवाज भरदार होतो. ‘व’ आणि ‘ब’ यांची पोटे मोकळी ठेवली की तो मोकळ्या मनाचा वाटतो. काना खाली टोकदार कापला की तो तोडून बोलतो. लोक मान डोलवायचे, “अगदी बरोबर” म्हणायचे, आणि शेवटी “छान आहे, फक्त जरा मोठं करा” असे सांगून जायचे. आज नाशिकच्या या टेकडीवर, एका यंत्राने तिचे म्हणणे सगळ्या जगाला ऐकू येईल अशा आवाजात बोलून दाखवले होते. ती हवेत तरंगत होती म्हटले तरी चालेल.

तांबोळी मेंदूतज्ज्ञ. माणूस शांत, चहाही बिनसाखरेचा पिणारा. त्यांनी यंत्राला ‘अंतर्ध्वनिमापक’ असे भारदस्त नाव ठेवले होते.

“आपण मनात वाचतो तेव्हा मेंदूतला ऐकण्याचा भाग झोपलेला नसतो,” ते म्हणाले. “आत कुणीतरी आपल्याला वाचून दाखवत असतं. आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की तो कुणीतरी आहे हे लक्षातही येत नाही. हे यंत्र त्याला पकडतं आणि ध्वनिवर्धकावर आणतं.”

“आणि वळण बदललं की तो बदलतो.”

“हो. शब्द काय म्हणायचं ते ठरवतात. कोण म्हणतंय हे अक्षर ठरवतं.”

हा सगळा खटाटोप चालला होता चंद्रावरच्या माणसांसाठी. तिथल्या वसाहतीचे कागदोपत्री नाव लांबलचक होते, पण बोगदे खणायला गेलेले बहुतेक लोक नाशिककडचे आणि त्यांचा पहिला मुकादम चांदवडचा, त्यामुळे वसाहतीला सगळे ‘धाकटं चांदवड’ म्हणत. बोगद्याचे छत खचू लागले की प्रत्येकाच्या हेल्मेटच्या काचेवर इशारा उमटे: ‘मागे सरा’. आवाजी इशारा देऊन पाहिला होता. पण हेल्मेटमध्ये आधीच गप्पा, गाणी, पंख्याची घरघर, त्यात ती ध्वनिमुद्रित बाई. सगळ्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकले. म्हणून लेखी इशारा. तो ‘सूचक’ नावाच्या एका जाड्या, लाल, ठोकळेबाज वळणात असे. लोक तो वाचत आणि हातातले काम संपवत.

हे शर्वरीला कुणी अहवालातून कळवले नव्हते. तिचा धाकटा भाऊ मकरंद तिथेच होता. गेल्या वर्षी तिसऱ्या बोगद्यात इशारा आला तेव्हा तो एक बोल्ट आवळत होता. त्याने इशारा वाचला, बोल्ट आवळणे चालू ठेवले, आणि वरून आलेल्या शिळेने त्याचा पाय मांडीत मोडला. नाशिकला उपचारांसाठी आला तेव्हा शर्वरीने त्याला चांगलेच फैलावर घेतले. वाचता येत नव्हतं का तुला, असे तिने विचारले.

“वाचलं गं, ताई,” तो म्हणाला होता. “पण वाचलं म्हणजे नुसतं वाचलं. कुणी सांगतंय असं काही वाटलंच नाही.”

हे वाक्य तिच्या डोक्यात रुतून बसले. मकरंद तिचा एकुलता भाऊ. लहानपणी ती त्याच्याशी शाळा-शाळा खेळायची, आणि पुढचे दोन दात पडल्यामुळे तिच्या ‘स’मधून शिट्टी निघायची म्हणून त्याने तिचे नाव ‘कुकर’ ठेवले होते. पन्नाशीकडे झुकली तरी ते नाव त्याने सोडले नव्हते. पाय बरा होताच तो पुन्हा वर गेला. लवकरच पाचव्या बोगद्याचे काम सुरू व्हायचे होते, तिथला खडक सगळ्यांत ठिसूळ होता, आणि मकरंद आघाडीच्या तुकडीत होता. त्याने ऐकावे असे वळण शर्वरीला घडवायचे होते. जे काही पणाला लागले होते ते एवढेच, आणि तिच्या दृष्टीने ते सर्वस्व होते.

मोजमापाला सुरुवात करतानाच तांबोळींनी एक अडचण सांगितली होती. प्रत्येकाच्या डोक्यातली आतली कुजबुज वेगळी. एखाद्या वळणाने तिच्यात काय भर घातली हे कळायचे, तर आधी मोजायला शून्य हवे. म्हणजे असे वळण, ज्याला स्वतःचा सूरच नाही.

शर्वरीने पापणीही न लववता उत्तर दिले होते, “पाटी.”

‘पाटी’ हे पहिलीच्या पुस्तकाचे आणि अंकलिपीचे वळण. गोल, सरळ, साधे. तीन पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या. मोठ्यांच्या जगात ते कुठेच दिसत नाही, कारण दुकानाच्या फलकावर लावले तर दुकान बालवाडी वाटेल. पण अक्षरकारांच्या धंद्यात त्याला मोठा मान. कुठलेही नवे वळण तयार झाले की ते ‘पाटी’शेजारी ठेवून बघायचे, ही रीत. त्यांच्या बोलीत ‘पाटी’चे टोपणनावच ‘पाणी’. त्याला ना रंग, ना वास, ना चव. शर्वरीने वीस वर्षांत ते हजारो वेळा शेजारी ठेवून पाहिले होते, आणि ते तिच्याशी कधी अवाक्षरही बोलले नव्हते.

तेव्हा ‘पाटी’ हे शून्य ठरले. टोपी घातली की प्रत्येकाने आधी ‘पाटी’तले एक वाक्य वाचायचे: ‘ससा सावलीत बसला.’ त्या वेळी मेंदूत जे उमटेल ते त्या माणसाचे शून्य. मग पुढे मोजलेल्या प्रत्येक आवाजातून यंत्र ते वजा करणार. शून्यातून शून्य गेले की शून्यच उरते, म्हणून ‘पाटी’च्या नावापुढे पडद्यावर नेहमी एक सरळ रेघ दिसे. ती ध्वनिवर्धकावर लावून बघावी असे कुणाच्या मनातही आले नाही.

एक गंमत मात्र रोज घडत होती. सशाचे वाक्य आले की समोरची माणसे ताठ बसत. भागवत तर दोन्ही पाय जुळवी आणि खिशातला हात बाहेर काढी. खुर्ची फार उंच असावी असे तांबोळींना वाटले. त्यांनी खुर्ची बदलली. नव्या खुर्चीतही लोक ताठच बसले, तेव्हा त्यांनी खुर्च्या पुरवणाऱ्याला दोष दिला आणि विषय सोडून दिला.

मग वळणांचा कारखाना सुरू झाला. शर्वरी जेवायचे विसरू लागली. पहिले वळण ‘हुकूम’. त्याची शिरोरेघ तुळईएवढी, काने तलवारीने कापल्यासारखे. यंत्रातून असा आवाज आला की पलीकडच्या खोलीतला शिपाई धावत आला. टेकडीच्या पायथ्याशी चंद्रावरच्यासारखा एक नकली बोगदा उभारला होता. भागवतसकट सुटीवर आलेल्या खणकऱ्यांनी पहिल्या दिवशी ‘हुकूम’ पाहून मागे धाव घेतली. दोन दिवसांनी ते कुरकुरले की हे ओरडतंय कशाला. चौथ्या दिवशी त्यांनी ढुंकून पाहिले नाही.

दुसरे ‘माया’. अक्षरांची पोटे उघडी, वळसे मऊ, टोके विरघळलेली. हेल्मेटवर ‘मागे सरा’ आले की खणकरी गालात हसत आणि काम चालू ठेवत. भागवतने तर “हो हो, येतो” असे तोंडाने म्हणून घेतले. तांबोळी हसून हसून बेजार झाले. शर्वरी हसली नाही, कारण तिला त्या जागी मकरंद आणि त्याचा बोल्ट दिसत होता.

तिसरे वळण घडायला फार वेळ लागला, पण घडले तेव्हा तिला आतून कळले की हे काहीतरी वेगळे आहे. ‘दरारा’. शिरोरेघ भक्कम, पण प्रत्येक अक्षरामागे थोडी श्वास घेणारी. ‘ग’चा काना सरळ खाली उतरलेला, नखरा नाही. ‘म’ची गाठ घट्ट, पण पोट मोकळे. यंत्रातून आवाज आला तो असा, की दटावतो आहे, तरी आपल्याच बाजूचा आहे. नकली बोगद्यात बहुतेक सगळे वेळेत मागे फिरले, आणि आठवडा उलटला तरी फिरत राहिले. शर्वरीने आनंदाच्या भरात तांबोळींना साखरेचा चहा पाजला आणि त्यांनी तो प्यायलाही.

भागवत मात्र टोपी काढताना म्हणाला, “आवाज झकास आहे, मॅडम. फक्त वळखीचा नाही.”

नव्या आवाजाची ओळख हळूहळूच होणार, असे शर्वरीने त्याला समजावले.

वसाहतीच्या सुरक्षाप्रमुख दमयंती घोरपडे याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत. त्या मोजके बोलत आणि हसणे तर त्यांनी बहुधा निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवले होते. त्यांनी ‘दरारा’चे निकाल पाहिले आणि “बरं आहे” म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढे आले म्हणजे पदकच. शर्वरीला धीर धरवेना. नवे वळण लगोलग वर जाईलच असे धरून, ते भिकार ‘सूचक’ आधी हेल्मेटमधून पुसून टाका, असा तिने लकडा लावला. ते तिच्या भावाच्या काचेवर आणखी एक दिवसही तिला नको होते. घोरपडेबाईंनी ते मान्य केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोरपडेबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. असे याआधी कधी घडले नव्हते.

“पाचव्या बोगद्याचं छत खाली आलं,” त्या म्हणाल्या. “सगळे बाहेर आहेत. तुमचा भाऊ धडधाकट आहे. आधी हे बघा.”

त्यांनी चित्रफीत लावली. करड्या उजेडात सात आकृत्या कामात वाकलेल्या. काचांवर इशारा उमटला, आणि सातही जण एकदम वळले. कुणी यंत्राचा खटका बंद करायला थांबले नाही, कुणी शेजाऱ्याकडे पाहिले नाही. हातातली अवजारे जागच्या जागी सोडून ते निघाले, आणि शेवटचा माणूस तोंडाशी पोचतो न पोचतो तोच मागचा अंधार धुळीने भरून गेला. नकली बोगद्यात इतके चोख कुणी कधी वळले नव्हते. शर्वरीला रडू कोसळले. तांबोळींनी पेढे मागवले. प्रयोगशाळेत जो तो एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागला, शिपायाने आपल्या पाठीवरही मारून घेतल्या.

दुपारी मकरंदचा फोन आला. चंद्रावरून शब्द पोचायला जो क्षणभर उशीर लागतो तोही तिला सहन होत नव्हता.

“ताई, जबरदस्त चीज बनवलीस,” तो म्हणाला. “वाचलं आणि पाय आपोआप वळले. विचार करायला सवडच नाही. एक विचित्र मात्र झालं. डावा कान असा गरम झाला, कुणी पिरगळल्यासारखा. अजून चोळतोय.”

“त्यालाच दरारा म्हणतात,” शर्वरी ऐटीत म्हणाली.

फोन ठेवून ती पेढा तोंडात टाकणार, तेवढ्यात घोरपडेबाई पुन्हा खाली आल्या. एका दिवसात दोनदा.

“एक सांगायचं राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “दरारा अजून माझ्या टेबलावर आहे. मी त्यावर सही केलेली नाही. ते वर गेलेलंच नाही.”

पेढा हातातच राहिला. शर्वरीच्या डोळ्यांपुढे सगळे लख्ख उभे राहिले. ‘सूचक’ तिच्याच हट्टाने पुसले होते. ‘दरारा’ पोचले नव्हते. म्हणजे काचेवर काहीच असायला नको होते. आपण आपल्या भावाला कोऱ्या काचेनिशी त्या ठिसूळ खडकाखाली पाठवले होते, या विचाराने ती मटकन खाली बसली.

“पण ते वळले,” तांबोळी सावकाश म्हणाले. “कोऱ्या काचेकडे बघून कुणी वळत नाही. काहीतरी वाचलंय त्यांनी.”

त्यांनी हेल्मेटमधली प्रतिमा वसाहतीकडून मागवून घेतली. ती पडद्यावर आली. गोल, सरळ, साधी अक्षरे. ‘मागे सरा.’

“पाटी,” शर्वरी पुटपुटली.

उलगडा सोपा होता. नेमून दिलेले वळण सापडले नाही की कुठलेही यंत्र पोटात ठेवलेले एक राखीव वळण बाहेर काढते. मराठीसाठी हेल्मेट बनवणाऱ्यांनी राखीव म्हणून ‘पाटी’ घातले होते, कारण ते सगळ्यांना वाचता येते.

“पण त्यात काहीच नाही, डॉक्टर. ते पाणी आहे. तुमच्या यंत्रावर सरळ रेघ आहे.”

तांबोळी त्या रेघेकडे वळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असे काही पसरू लागले, जे शर्वरीने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिले नव्हते.

“रेघ सरळ आहे, कारण ती आपण सरळ केलीय,” ते म्हणाले. “दुकानदारानं वजनाच्या जागी नारळ ठेवला, तर त्या काट्यावर दुसरा नारळ नेहमी बरोबरच भरणार. म्हणून नारळाला वजन नाही असं होतं का? आपण शून्य ऐकलंच नाही. ते वजा करत राहिलो. प्रत्येकाचं वेगळं वजा केलं, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं काहीतरी तिथे होतं.”

त्यांनी वजाबाकी बंद केली. हाताशी भागवतच होता. त्याची मूळ नोंद काढून त्यांनी ध्वनिवर्धकावर लावली.

‘ससा सावलीत बसला,’ एक म्हातारा बोलला. मध्येच दम लागल्यासारखा थांबला, खोकल्याआधीचा श्वास घेतला आणि वाक्य पुरे केले.

भागवत उठून उभा राहिला. तो धिप्पाड माणूस दोन्ही हात बाजूला सरळ सोडून उभा होता. “कोळी गुरुजी,” तो म्हणाला. “आमचे पहिलीचे. दम्यानं गेले.”

मग कुणाला थांबवता येईना. तांबोळींनी स्वतःची नोंद लावली तर त्यातून त्यांचे आजोबा निघाले, दुकानात विड्याची पाने पुसता पुसता नातवाला अंकलिपी वाचायला लावणारे. एका खणकऱ्याची आई निघाली, एकाची अंगणवाडीतली बाई. घोरपडेबाईंनी मुकाट्याने टोपी डोक्यावर चढवली आणि सशाचे वाक्य वाचले. ध्वनिवर्धकातून एक भरड, मायाळू आवाज आला, बोटाने ओळ दाखवत चालल्यासारखा. बाई उठल्या, त्यांनी दार लावून घेतले, आणि तो पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला ऐकताना त्या चक्क हसल्या.

“ज्यानं वाचायला शिकवलं तो अक्षरात राहून गेलाय,” तांबोळी म्हणाले. “मोठेपणी पाटी कुठे दिसतच नाही, म्हणून तो तसाच्या तसा टिकला. आपण साऱ्यांना ऐकू जाईल असा एक आवाज शोधत होतो. हे एकच वळण आहे, आणि ते प्रत्येकाला त्याच्या माणसाच्या आवाजात सांगतं.”

घोरपडेबाईंनी तिथल्या तिथे फर्मान काढले की धाकट्या चांदवडात आजपासून सगळे काही ‘पाटी’त. नियम, फलक, जेवणघरातली सूचनासुद्धा.

“आधी माझं शून्य लावा,” शर्वरी म्हणाली.

तिची नोंद पहिल्या दिवसापासून होती, कारण यंत्रात सगळ्यांत आधी तीच बसली होती. तांबोळींनी वजाबाकीशिवाय ती लावली. ध्वनिवर्धक खरखरला. बाकी काहीच आले नाही. त्यांनी आवाज पुरता वाढवला, तरी खरखरच वाढली.

शर्वरीला हे अपेक्षित होते. वीस वर्षे तिने ‘पाटी’ वाचले नव्हते, फक्त पाहिले होते. ‘स’ची शेपटी किती, ‘ल’चा डोळा केवढा, हेच बघता बघता त्या अक्षरांतून तिला वाचायला शिकवणारे माणूस निघून गेले होते. तिच्या धंद्यातल्या सगळ्यांचे हेच झाले असणार. ज्यांना ‘पाटी’ ऐकू येत नाही अशी मूठभर माणसे अख्ख्या महाराष्ट्रात असतील, आणि शून्य कुठले ठेवायचे हे त्यांतल्याच एकीला विचारले गेले होते.

“सगळीकडे लावलंत तर सगळ्यांचं माझ्यासारखं होईल,” ती घोरपडेबाईंना म्हणाली. “गुरुजी दिवसभर आमटीचा बेत सांगत बसले तर ते आचारी होतील. दोनच शब्द ठेवा पाटीत. बाकी सगळं दरारात घ्या, मायात घ्या, नाहीतर सूचकात घ्या.”

बाईंनी थोडा विचार केला, फर्मान मागे घेतले आणि “बरं आहे” म्हणाल्या. आपले लाडके ‘दरारा’ जेवणघराच्या दारावर जाणार याचे शर्वरीला वाईट वाटायला हवे होते. पण तिला आता एकच घाई होती.

“मकरंदची नोंद आहे ना?”

होती. पाय प्लास्टरमध्ये असताना तो कुबड्या घेऊन इथे आला होता आणि टोपीखाली बसून गेला होता. तांबोळींनी ती शोधली आणि लावली.

‘ससा सावलीत बसला.’

मुलगी सात-आठ वर्षांची असावी. आवाजात जरब ठासून भरलेली, आणि ती जरब समोर मांडलेल्या सगळ्या वर्गासाठी होती. त्या वर्गात एक चार वर्षांचा मुलगा आणि भिंतीला टेकवून बसवलेल्या तीन उशा होत्या, हे त्या खोलीत एकट्या शर्वरीला ठाऊक होते. प्रत्येक ‘स’मधून बारीक शिट्टी निघत होती. ससा, सावलीत, बसला. तांबोळींना वाटले यंत्रात काही बिघाड आहे, आणि ते बटणाकडे वळले.

“राहू दे,” शर्वरी म्हणाली. “बिघाड नाही तो.” तिची जीभ नकळत पुढच्या दातांकडे गेली होती. गेले वर्षभर तिने भावासाठी आवाज घडवायला जिवाचे रान केले होते, आणि तो तिने चाळीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसून घडवून ठेवला होता. तिला इतका आनंद झाला होता की हसावे की रडावे हे ठरेना, म्हणून ती दोन्ही करत होती.

तिने वर फोन लावला. मकरंदचा चेहरा पडद्यावर आला आणि त्याने लगेच ‘दरारा’चे कौतुक सुरू केले. अख्ख्या वसाहतीत तुझंच नाव आहे, म्हणाला. शर्वरीने त्याला बोलू दिले. मग तिने पाठ ताठ केली, जिभेचे टोक पुढच्या दातांमध्ये धरले आणि दाताच्या फटीतून शिट्टी काढत म्हणाली, “ससा सावलीत बसला.”

चंद्रावरून उत्तर यायला क्षणभर लागतोच. या खेपेला त्याहून बराच जास्त वेळ लागला. पडद्यावर मकरंद कासार, पाचव्या बोगद्याचा खणकरी, केस पिकू लागलेला गडी, हळूहळू सरळ बसला.

“हजर, बाई,” तो म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला.